रिकामी टाकी रिकामी नसते

गॅरेजमध्ये पोरगा भाजला की वस्तीत पहिला शब्द निघतो, 'नशीब'. आम्हाला तो मान्य नाही. जळीत वॉर्डात ड्युट्या केल्यावर तर अजिबातच नाही.

पेट्रोलची टाकी गळते. मिस्त्री पेट्रोल काढतो, टाकी उलटी करून झटकतो आणि "रिकामीच हाय, मार टाका" म्हणतो. धोका इथेच असतो. पेटते ती पेट्रोलची वाफ. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही कोंडलेल्या असतात, ठिणगी पडली की टाकी बॉम्बसारखी फुटते. ही वाफ हवेपेक्षा जड, म्हणून गाडीखालच्या खड्ड्यातही साचून राहते.

1948 च्या कारखाना कायद्यात, कलम 37 मध्ये, हे लिहिलेलं होतं: पेट घेणारा पदार्थ ठेवलेल्या टाकीतून तो पदार्थ आणि त्याची वाफ काढल्याशिवाय वेल्डिंग करायचं नाही. पण दोन-चार पोरांच्या गॅरेजला तो कायदा लागूच नव्हता, आणि आपली पोरं कामाला असतात ती तिथेच! म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. दुचाकीची टाकी गळत असेल तर नवी बसवा. जुनीला टाका मारून पैसे वाचतात गाडीवाल्याचे, भाजतो हेल्पर.

दुसरीकडे कुठे वेल्डिंग असेल तरी ठिणग्या 35 फुटांपर्यंत उडतात. थिनर, ऑइलच्या चिंध्या, सीटचा फोम आधी लांब न्या. काम झाल्यावर अर्धा तास कुणीतरी तिथे थांबलं पाहिजे. ठिणगी फोममध्ये धुमसत राहते आणि शटर पाडल्यावर पेटते.

आयांनो, पोराला पॉलिस्टरचा टी-शर्ट घालून पाठवू नका. तो वितळून कातडीला चिकटतो. जाडसर सुती शर्ट द्या.

भाजलंच तर नळाचं वाहतं पाणी 20 मिनिटं सोडा. बर्फ नको. चिकटलेलं कापड ओढू नका. अंगठी, कडं सूज यायच्या आत काढा. टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावू नका. दवाखान्यात ते आधी साफ करावं लागतं आणि पोरगा ओरडत असतो. स्वच्छ चादरीत गुंडाळून थेट सरकारी दवाखान्यात न्या.

पोराला कामाला लावताना आपण शेठला पगार विचारतो. आग विझवायचा लाल सिलिंडर कुठे टांगलाय आणि तो शेवटचा कधी भरला, हेही तेव्हाच विचारा.