मेंदूच्या नकाशाचें शोधन

छापखान्यांतून आलेलीं मुद्रितें ज्यांनीं कधीं तपासलीं असतील, त्यांस हा अनुभव असेल कीं, ढोबळ चूक आपण होऊन डोळ्यांपुढें येते; परंतु एका शब्दाच्या जागीं दुसरा शुद्ध शब्द पडला, तर ती चूक तिघां-चौघांच्या नजरेंतून सहज निसटते. मूळ हस्तलिखित शेजारीं ठेवून ओळीशीं ओळ ताडल्याखेरीज ती सांपडत नाहीं. आज वाचकांस अशाच एका शोधनाची हकीकत सांगावयाची आहे. येथें हस्तलिखित म्हणजे एम्.आर्.आय्. यंत्रानें काढलेलें मेंदूचें चित्र, आणि मुद्रित म्हणजे त्या चित्रावरून संगणकानें रेखिलेला मेंदूच्या पृष्ठभागाचा नकाशा.

घरांतील वडील माणसास विस्मरण होऊं लागलें कीं डॉक्टर असें चित्र काढावयास सांगतात, आणि निष्कर्षाच्या कागदावर ‘मेंदू वयोमानानुसार आकसला आहे’ असें वाचून सगळें घर धास्तावतें. तो कागद तज्ज्ञ डॉक्टर चित्र स्वतः पाहून लिहितात. आमचा आजचा विषय त्याच्या पलीकडचा, म्हणजे संशोधनाचा आहे. तेथें हा आकस मिलिमीटरांच्या हिशेबानें मोजतात, आणि रोग कोठून सुरू होतो, औषधानें त्याची गति मंदावते कीं नाहीं, असले प्रश्न त्या मोजमापावरून सोडवितात. मोजमाप खोटें असेल तर उद्यांच्या औषधाचा पायाच कच्चा राहील.

मेंदूच्या बाहेरच्या अंगास करड्या रंगाचा एक थर असतो. भाषा, विचार, स्मरण इत्यादि व्यापारांचें तें मुख्य स्थान. हा थर सरासरीनें अवघा अडीच मिलिमीटर जाड; कोठें एक, तर कोठें साडेचार. उलगडून पसरला तर सुमारें दोन हजार चौरस सेंटिमीटर भरेल. नऊवारी लुगडें तांब्यांत कोंबावें तसा तो कवटींत घड्या पडून राहिला आहे, आणि त्याचा सुमारें दोन-तृतीयांश भाग ह्या घड्यांच्या आंत दडलेला असतो. थराच्या आंत पांढरा गाभा, आणि बाहेर पाण्यासारखा द्रव. जाडी मोजावयाची तर दोन पृष्ठें रेखावीं लागतात: एक पांढऱ्या गाभ्याच्या सीमेवर, दुसरें करड्या थराच्या बाहेरच्या कडेवर. दोहोंमधलें अंतर ती जाडी.

हें काम संगणकाकडून करवून घेण्याची रीत अँडर्स डेल, ब्रूस फिशल व मार्टिन सेरेनो ह्या शास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केली, आणि पुढील वर्षीं फिशल व डेल ह्यांनीं तिच्या साह्यानें जाडी कशी मोजावी हें दाखविलें. त्यांतूनच ‘फ्रीसर्फर’ नांवाची प्रणाली वाढली. अमेरिकेंतील बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या मार्टिनोस केंद्रांत तिची जोपासना होते, आणि ती जगभरच्या संशोधकांस विनामूल्य मिळते.

आतां चूक होण्यास जागा कोठें, तें पाहूं. प्रणाली प्रथम चित्राचे एक-एक मिलिमीटरचे घन पाडते. लांबी, रुंदी व उंचीस प्रत्येकीं २५६, म्हणजे एकंदर १,६७,७७,२१६. प्रत्येक घनास उजळपणाचा एकच अंक. करड्या थराची सारी जाडी अशा दोन-तीन घनांतच आटोपते! त्यांतून घनाच्याही अंशाइतकी बारीक सीमा काढावयाची, तेव्हां संगणकास अनुमानाचा आश्रय घ्यावा लागतो. अनुमान बहुधा साधतें. जेथें तें चुकतें तेथें रेघ तुटत नाहीं, वांकडीतिकडी होत नाहीं. ती तितक्याच डौलानें भलत्याच जागेवरून जाते. पुढें आंकड्यांच्या कोष्टकांत अमुक भागाची जाडी २.९ अशी नोंद होते, आणि तो आंकडा चुकीच्या रेघेवरून आला हें कोष्टकांत कोठेंही लिहिलेलें नसतें.

आमची एक नात अशाच एका प्रयोगशाळेंत काम करते. तिच्या शेजारीं बसून आम्ही हें शोधन पाहिलें. चित्राचे पातळ काप एकामागून एक पडद्यावर येतात. त्यांवर आंतल्या सीमेची पिवळी व बाहेरच्या सीमेची तांबडी रेघ काढलेली असते. एका मेंदूचे शेंकडों काप तीन दिशांनीं चाळावयाचे. एके ठिकाणीं तांबडी रेघ करड्या थराबाहेर गेलेली आम्हांसही दिसली. आम्ही म्हटलें, “मग बाळ, रेघ आंत ओढून घे.” तिचें उत्तर ध्यानांत राहण्यासारखें होतें. “आजोबा, रेघेला हात लावायचा नसतो. रेघ ज्याच्यावरून निघाली तें दुरुस्त करायचें, आणि मग संगणकाकडून पुन्हां काढवून घ्यायची.”

ह्या एका नियमांत सगळी विद्या आहे. उदाहरणार्थ, प्रणाली पांढऱ्या गाभ्याची उजळी ११० ह्या अंकावर आणून ठेवते. कानशिलामागील भागाच्या पुढच्या टोकाशीं चित्र पुष्कळदां अंधुक येतें. तेथला पांढरा गाभा ११० पर्यंत पोंचत नाहीं, म्हणून संगणक त्यास करडा समजून वगळतो, आणि रेघ टोक गांठण्यापूर्वींच माघारी वळते. अशा जागीं शोधकानें कांहीं खुणेचे ठिपके ठेवावयाचे. त्यांचा अर्थ, ‘हा भाग निःसंशय पांढरा.’ ठिपका सीमेवर ठेवूं नये, गाभ्याच्या आंत ठेवावा, कारण सीमा कोठें हाच तर वादाचा प्रश्न! पांढऱ्यांत भोंक राहिलें असेल तर तें घन २५५ ह्या अंकानें भरतात; जास्तीचें कांहीं शिरलें असेल तर तें पुसतात, आणि पुसलेल्या घनांत शून्य न घालतां १ घालतात. शून्य म्हणजे येथें कांहीं नाहीं असें यंत्राचें मत. एक म्हणजे येथें कांहीं होतें आणि तें मनुष्यानें जाणून काढलें. पुढील फेरींत यंत्र त्या खुणेचा मान राखतें, आणि दहा वर्षांनीं पाहणाऱ्यासही कोणाचा हात कोठें लागला हें कळतें. पोथ्यांचें संशोधन करणारे जुने पंडित आपण सुचविलेल्या पाठास निराळी खूण करीत, त्याच जातीची ही सचोटी आहे.

सर्वांत कठीण जागा कानशिलाच्या आंतल्या अंगास, मेंदूच्या तळाशीं आहे. हाइको व एव्हा ब्राक ह्या जर्मन दांपत्यानें १९९१ सालीं दाखविलें कीं, अल्झायमर रोगांतील तंतूंचा बिघाड प्रथम ह्याच भागांत दिसूं लागतो. म्हणून विस्मरणाचे अभ्यासक ह्या जागेची जाडी फार आस्थेनें मोजतात. आणि नेमका येथेंच मेंदूचें जाड वेष्टन व रक्तवाहिन्या करड्या थरास इतक्या खेटून असतात, व उजळींतही इतक्या सारख्या असतात, कीं तांबडी रेघ पुष्कळदां वेष्टनांत शिरते. मग थर आहे त्याहून जाड भरतो. झिजलेला थर अशा रीतीनें धडधाकट ठरला तर रोगाची पहिली चाहूल हिशेबांतून बाद होते. येथें शोधकानें वेष्टनाचे घन पुसावयाचे असतात. आणि पुसतांना करड्याचाच एखादा घन गेला तर थर अकारण बारीक होतो. घाई करणाऱ्याचें हें काम नव्हे.

कवटी वगळण्याच्या पायरीवर होणाऱ्या चुका त्या मानानें उघड असतात. कोठें डोळ्याचा भाग मेंदूंत मोडलेला, कोठें मेंदूचाच लचका गेलेला. २०२२ सालीं ‘सिंथस्ट्रिप’ नांवाची नवी रीत आली. तिला कृत्रिम चित्रांवर शिकविलेलें असून त्या पायरीचे कष्ट तिनें पुष्कळ हलके केले आहेत. दुसरी चूक भूमितीची. मेंदूच्या एका अर्धाचें पृष्ठ फुगविलें तर चेंडूसारखें बंद व्हावें, अशी अट असते. परंतु दोन घड्या चुकून चिकटल्या तर त्यास कपाच्या कानासारखी कडी येते. ऑयलर ह्या गणितज्ञाच्या नांवानें ओळखली जाणारी संख्या चेंडूस २ येते, आणि प्रत्येक कडीमागें ती दोहोंनीं घटते. प्रणाली अशा कड्या आपण होऊनच तोडते. तरीपण किती तोडाव्या लागल्या ह्यावरून मूळ चित्राची प्रत कळते. फिलाडेल्फियांतील मुलांच्या व तरुणांच्या चित्रांवर २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत निकामी चित्रें ओळखण्यास ही संख्या फार उपयोगी ठरली.

निकामी म्हणजे कसलीं? मुख्यतः हललेलीं. चित्र निघण्यास कांहीं मिनिटें लागतात, आणि तितका वेळ डोकें स्थिर ठेवणें लहान मुलांस, वृद्धांस व रुग्णांस जड जातें. मार्टिन रॉयटर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१५ सालीं निरोगी माणसांस मुद्दाम हलावयास लावून चित्रें घेतलीं, तेव्हां त्याच माणसाचा करडा थर हलल्यावर बारीक भरला. ह्याचा अर्थ फार गंभीर आहे. रुग्ण अधिक हलतात. तेव्हां ‘रुग्णांचा थर निरोग्यांहून बारीक’ ह्या निष्कर्षांत रोगाचा वांटा किती आणि हालचालीचा किती? अशा चित्रावर दिवसभर बसून ठिपके ठेवले तरी रेघ सुबक होईल, सत्य होणार नाहीं. तें चित्र बाजूला काढावें आणि शक्य असेल तर पुन्हां घ्यावें. आमच्या मतें शोधकाच्या हातीं असलेलें हें सर्वांत मोठें शस्त्र आहे, आणि मेहनत वायां जाते म्हणून नेमकें तेंच वापरावयास माणसें कचरतात.

शोधकाच्या मनाचाही विचार हवा. समोरचा मेंदू अल्झायमरच्या रुग्णाचा आहे हें ठाऊक असलें, तर हात नकळत थर बारीक करण्याकडे वळतो. म्हणून परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवरील नांवें झांकतात तशी येथें रुग्णाची ओळख झांकतात, कोणती चूक दुरुस्त करावी व कोणती सोडावी ह्याचे नियम आधीं लिहून ठेवतात, आणि कांहीं मेंदू दोघां निरनिराळ्या शोधकांस देऊन त्यांचें जमतें कीं नाहीं हें ताडतात. प्रणालीची आवृत्तिही मध्येंच बदलावयाची नसते. नेदरलँड्समधील संशोधकांनीं २०१२ सालीं तींच चित्रें फ्रीसर्फरच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर चालविलीं, तेव्हां जाडींत सरासरीनें २.८ टक्के व आकारमानांत ८.८ टक्के फरक पडला. अडीच मिलिमीटरांचे २.८ टक्के म्हणजे ०.०७ मिलिमीटर. रोगाचे आरंभीचे फरकही अशाच लहान मापांत शोधावयाचे असतात!

राहतां राहिली जुळवणी. माणसांचीं डोकीं लहानमोठीं व यंत्रांत थोडीं कललेलीं. त्यांची तुलना करण्यासाठीं प्रत्येक मेंदू एका ठराविक सांच्याशीं जुळवितात. तालेराक व तूर्नू ह्या फ्रेंच विद्वानांचा १९८८ सालचा प्रसिद्ध नकाशा एका साठ वर्षांच्या स्त्रीच्या मेंदूवरून काढलेला होता. पुढें ३०५ माणसांच्या चित्रांची सरासरी करून माँट्रियल येथें व्यापक सांचा तयार झाला. ही ढोबळ जुळवणी बिघडली तर पुढच्या पायऱ्याही डळमळतात, म्हणून ती प्रथम पाहतात. दोन चित्रें एकावर एक ठेवून मेंदूचीं टोकें व दोन अर्धांस जोडणारा पूल जागच्या जागीं आहेत कीं नाहींत, इतकें पाहिलें तरी बहुतेक कळतें. सूक्ष्म जुळवणी नंतर घड्यांवरून होते, आणि तीवरून प्रत्येक अर्धाच्या ३४ विभागांस नांवें पडतात. पृष्ठ चुकलें तर घड्या चुकतात, व शेजारच्या विभागाचें नांव भलत्यास चिकटतें.

सर्वांत साधी चूक मात्र डाव्या-उजव्याची. डॉक्टरांच्या रीतीनें रुग्णाची डावी बाजू चित्रांत उजवीकडे दिसते. संशोधक कित्येकदां उलट मांडतात. चित्रासोबतच्या नोंदींत गफलत झाली कीं मेंदू आरशांतल्यासारखा उलटतो. दोन्ही अर्धें इतकीं सारखीं असतात कीं नुसतें पाहून हें उमगणें कठीण. त्यास पुष्कळ ठिकाणीं एक सोपा उपाय योजतात. ई जीवनसत्त्वाची एक तेलकट गोळी माणसाच्या उजव्या कानशिलावर चिकटपट्टीनें लावतात. तेल चित्रांत पांढरेंशुभ्र उमटतें, आणि तो ठिपका ज्या बाजूस दिसेल ती बाजू उजवी.