इंजिनाची चूक लपवू नका



रविवारी मिस्सा आटोपल्यावर आवारात झाडाखाली आपली बैठक जमते. तिथे कपाशीच्या भावाची चर्चा होते, पावसाची तक्रार होते, कोणाचा बैल बसला, कोणाच्या तुरीत अळी पडली, सगळे निघते. पण "मी काल आपल्या हाताने इंजिन खोलले आणि त्याची वाट लावली" असे सांगताना मी अजून कोणाला ऐकलेले नाही. ते सांगायची लाज वाटते. मग एकाने केलेली चूक महिन्याभरात दुसऱ्याच्या शेतात होते, तिसऱ्याच्याही होते, आणि मिस्त्री तिघांकडूनही पैसे नेतो. आज या पानावर मी ती लाज थोडी बाजूला ठेवणार आहे, आणि सुरुवात स्वतःपासून करतो.

गोष्ट जुनी आहे. आमच्या नाल्याकाठच्या तुकड्यात गहू होता आणि पाणी द्यायला डिझेल इंजिन. एका संध्याकाळी इंजिन फटफट करत बंद पडले. पाहतो तर टाकीत डिझेलचा थेंब नाही. सकाळी डबा आणून टाकी भरली आणि हँडल मारायला लागलो. मी दमलो, भाऊ दमला, गडी दमला. इंजिन काही बोलेना. तेव्हा मला वाटले, पंपच गेला. पाना घेतला, डिझेलची नळी सोडली, नोझल उपसले, आणि सगळे सुटे भाग काळ्या मातीवर गोणपाट अंथरून त्यावर मांडले. वारा सुटला होता. तोंडाने फुंकर मारून, धोतराच्या सोग्याने पुसून सगळे परत बसवले. बसवून झाल्यावर तांब्याचा एक वायसर हातात उरला. तो कुठला ते आठवेना. मी इकडेतिकडे पाहिले आणि वायसर खिशात टाकला.

दोन दिवसांनी मिस्त्री आला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "डिझेल संपलं होतं का?" मी म्हणालो, "नाही, नाही." टाकी कोरडी होईपर्यंत इंजिन चालवले हे कबूल करायला जीभ वळेना. बिचारा दोन तास भलतीकडे शोधत बसला. शेवटी भाकरी घेऊन आलेली घरची म्हणाली, "अहो, परवा सांजच्याला संपलं नव्हतं का?" मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले, फिल्टरवरचा एक स्क्रू दोन आटे सैल केला, तिथून बुडबुडे निघाले, ते थांबल्यावर त्याने स्क्रू आवळला, आणि इंजिन सुरू झाले. पण नोझलपाशी फुस्स-फुस्स आवाज येत होता. तो परत माझ्याकडे पाहू लागला, तेव्हा मी खिशातून वायसर काढून त्याच्या हातात दिला. तो हसला नाही. त्याच्याबरोबरचा पोरगा हसला. मातीचे कण गेल्यामुळे नोझल बदलावे लागले ते वेगळेच, आणि गव्हाचे एक पाणी चुकले.

आता यात खरी चूक कोणती? टाकी कोरडी होणे ही चूक खरी, पण ती एका स्क्रूची. डिझेल संपले की नळीत हवा शिरते, आणि पंप हवेला दाब देऊ शकत नाही, कारण हवा दबते, डिझेल दबत नाही. म्हणून टाकी भरायची, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे, तो आवळायचा, मग पंपावरचा स्क्रू, मग नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट सैल ठेवून हँडल फिरवायचे, डिझेल ठिबकू लागले की आवळायचे. पंधरा मिनिटांचे काम. माझे नुकसान झाले ते त्या "नाही, नाही" मुळे.

डिझेल हे नाव तेलाचे नसून माणसाचे आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने ऑग्सबर्ग येथे १० ऑगस्ट १८९३ रोजी आपले पहिले इंजिन चालवून पाहिले, तेव्हा त्याच्यावर लावलेले दाब मोजण्याचे यंत्र फुटून उडाले. तो थोडक्यात वाचला. १८९७ साली त्याचे इंजिन नीट चालले. आपल्याकडे पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली आणि मोटेच्या जागी इंजिन येऊ लागले. इंजिन आले, पण त्याबरोबरचे पुस्तक बहुधा इंग्रजीत. इथे नार्नूरकडे घरात बोलणे मराठी किंवा गोंडी, कचेरीत तेलुगू, आणि इंजिनाचे पुस्तक तिसऱ्याच भाषेत. मग शिकायचे कसे? एकमेकांच्या चुकांवरूनच. त्या चुकाच आपण झाकून ठेवतो.

काही चुका केवळ हसण्यासारख्या आहेत. ऑइल जास्त घातले म्हणजे इंजिन जास्त खूश, असे मानून पट्टीवरच्या खुणेच्या वर ओतणारे आहेत. हे काही पुरणपोळीवरचे तूप नव्हे. जास्त ऑइल वर चढून जळते, धूर होतो, सील गळू लागतात. हवेच्या गाळणीच्या भांड्यातही खुणेवर ऑइल घालू नये, कारण ते इंजिन ओढून घेते आणि डिझेल बंद केले तरी इंजिन त्या ऑइलवर पळत राहू शकते. दुसरी गंमत मोपेड आणि मोटरसायकलची. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. ज्यांची उमर लुनावर गेली ते नव्या फोर-स्ट्रोक गाडीच्या टाकीतही सवयीने ऑइल ओततात आणि गाडी धुराडे झाली की कंपनीला दोष देतात. उलट कपाशीवर फवारायचा टू-स्ट्रोक पंप नवी पोरे नुसत्या पेट्रोलवर चालवतात आणि तासाभरात पिस्टन धरतो. तापलेल्या इंजिनावर थंड पाण्याची बादली ओतून हेड तडकवणारे, बॅटरीत विहिरीचे क्षाराचे पाणी घालणारे, पंपात पाणी न भरता तो कोरडा फिरवून "विहीर आटली" म्हणणारे, असे सगळे आपल्यातच आहेत. या चुकांत पैसा जातो, माणूस जात नाही. त्या सांगून हसून घ्यावे.

पण काही चुकांत माणूस जातो, आणि लाज बाळगण्यात खरा धोका तिथे आहे.

डब्यातून डिझेल काढायचे तर नळी तोंडात धरून ओढायची, ही आपली रीत. घोटभर तोंडात आले तर थुंकायचे, चूळ भरायची, आणि कोणाला सांगायचे नाही. डिझेल पोटात जाण्यापेक्षा श्वासनळीत जाणे वाईट. ओढताना ठसका लागला की थोडेसे डिझेल फुप्फुसात उतरते आणि पसरते. काही तासांनी खोकला, धाप, ताप सुरू होतो. घरचे म्हणतात सर्दी झाली, आणि रोगी डॉक्टरलाही सांगत नाही, कारण डिझेल प्यालो म्हणायची लाज. अशा माणसाला मीठपाणी पाजून उलटी काढू नये. उलटीबरोबर तेच डिझेल पुन्हा श्वासनळीत जाते. सरळ दवाखान्यात न्यावे आणि काय झाले ते स्पष्ट सांगावे. आणि नळी चोखायचीच गरज नाही. सगळी नळी डब्यातल्या डिझेलमध्ये बुडवून भरू द्यावी, एक तोंड अंगठ्याने घट्ट दाबून बाहेर काढावे, डब्याच्या तळापेक्षा खाली धरून अंगठा सोडावा. डिझेल आपोआप येते.

हीच तोंडाची सवय फवारणीच्या पंपाकडे जाते. नोझल तुंबले की तोंडाने फुंकायचे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. ते सगळे नोझल फुंकल्याने गेले असे मी म्हणत नाही. भिजलेले कपडे, उंच वाढलेली कपाशी, मिसळलेली औषधे, अनेक कारणे सांगितली गेली. पण ज्या नोझलमधून विष जाते त्याला ओठ लावणे ही काही दुरुस्ती नव्हे. तुंबलेले नोझल पाण्यात धुवावे, जुन्या दात घासायच्या ब्रशाने साफ करावे.

डिझेल इंजिनाचे नोझल चालते का ते पाहायला त्याच्यापुढे तळहात धरणारेही मी पाहिले आहेत. त्या बारीक भोकातून डिझेल हवेच्या दाबाच्या दोनशेपट जोराने सुटते. ते कातडीत सुईसारखे घुसते. वर फक्त एक टिंब दिसते, दुखतही नाही, माणूस कामाला लागतो. आत डिझेल बोटाच्या मांसात पसरते आणि हात सुजून काळानिळा होतो. उशीर झाला तर बोट कापावे लागते. असे टिंब दिसले तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे आणि इंजिनाच्या नोझलने टोचले असेच सांगावे, काटा लागला असे सांगू नये.

आता विहिरीचे. इंजिनावरचा पंप वर ठेवून पाणी ओढतो ते जेमतेम २० ते २५ फुटांपर्यंत. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पंप ओढत नाही. तेव्हा आपण काय करतो? इंजिनच दोराने विहिरीत सोडतो, कडेच्या कपारीवर बसवतो आणि खाली उतरून सुरू करतो. हे करताना आपण मोठे शहाणपण केले असे वाटते. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येतो, या वायूचा येत नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा घेतो. आधी डोके जड होते, मग गरगरते, आणि विशेष म्हणजे माणसाला कळायच्या आधीच पायांतले बळ जाते, शिडी चढवत नाही.

आपले वडीलधारे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहत. ती रीत जुन्या, बंद पडलेल्या विहिरीसाठी चांगली होती, कारण प्राणवायू कमी असला की कंदील विझतो. पण कार्बन मोनॉक्साइडने कंदील विझत नाही. माणूस मरण्याइतका वायू असला तरी कंदील शांतपणे जळत राहतो. सायलेन्सरला नळी लावून तोंड वर काढले तरी जोडातून गळती होतेच. आणि इंजिन बंद केले म्हणजे विहीर लगेच स्वच्छ झाली असेही नाही, खोल विहिरीत वारा फिरत नाही.

पहिला माणूस खाली पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो. भावाला काढायला मुलगा उतरतो. अशा बातम्या आपण दर काही वर्षांनी वाचतो आणि एकाच घरातले दोन-तीन जण गेलेले असतात. म्हणून वर उभ्या असलेल्याने उतरू नये, हे लिहायला सोपे आणि करायला फार कठीण आहे, मला कळते. तरी उतरू नये. शुद्धीवर असेल तर दोर सोडावा, हाका माराव्यात, इंजिन बंद करता आले तर करावे, १०८ किंवा ११२ ला फोन लावावा.

माझे मत असे की विहिरीत इंजिन सोडणे ही पद्धत आपल्या भागातून पूर्ण बंद झाली पाहिजे. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज सुरू झाली. जिथे तार पोहोचली आहे तिथे विहिरीत विजेची मोटर सोडावी, तिला धूर नाही. जिथे तार पोहोचली नाही तिथे दोन फेऱ्यांचे पाणी कमी मिळाले तरी चालेल. कोणी म्हणेल, लिहिणाऱ्याचे काय जाते, पीक तर आमचे वाळते. खरे आहे. माझाही गहू वाळला होता, तो वर सांगितलाच आहे.

काही जण म्हणतात, मग हात लावूच नये, सगळे मिस्त्रीवर सोडावे. ते मला पटत नाही. उटनूरहून किंवा आदिलाबादहून मिस्त्री येईपर्यंत दोन दिवस जातात आणि पाण्याची पाळी थांबत नाही. ऑइल बदलणे, फिल्टर धुणे, हवा काढणे, पट्टा ताणणे हे प्रत्येकाला आले पाहिजे, घरातल्या बायकांनाही. पंप आणि नोझल मात्र उघड्या शेतात खोलू नये. आणि हँडल मारताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवावा, मुठीत वळवू नये, झटका बसला तर अंगठा मोडतो. हँडल शाफ्टवर अडकून फिरू लागले तर ते पकडायला धावू नये, बाजूला सरून डिझेल बंद करावे.

खोलताना एक साधी गोष्ट करावी. जो भाग ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने स्वच्छ परातीत डावीकडून उजवीकडे मांडावा. आता पोरांच्या हातात मोबाइल आहेत, प्रत्येक पायरीला एक फोटो काढून ठेवावा. मिस्त्रीला बोलवायचे झाले तर फोनवरच सांगावे: डिझेल संपले होते का, काय काय खोलले, काय उरले. माझ्या मिस्त्रीने त्यानंतर कित्येक वर्षे माझे काम केले. दर वेळी आला की आधी खिसे दाखवा म्हणायचा, आणि मी दाखवायचो.