तुरुंगातल्या विद्यार्थ्याला आपलाही हातभार लागावा



सांगलीचा तुरुंग म्हटला की आपल्या भागातल्या माणसाला वसंतदादा आठवतात. २४ जुलै १९४३ रोजी दादा आणि त्यांचे साथीदार हा तुरुंग फोडून बाहेर पडले. ती हकीकत कुपवाडच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण त्याच भिंतीआड आज जी माणसे आहेत, त्यांचा विचार आपण क्वचितच करतो.

तुरुंगात माणूस शिकू शकतो, याचा दाखला आपल्या जिल्ह्यातलाच आहे. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात गेले, तेव्हा त्यांची मॅट्रिकसुद्धा झालेली नव्हती. तेथे आचार्य भागवतांसारख्यांची संगत लाभली, भरपूर वाचन झाले. सुटल्यावर ते मॅट्रिक झाले, पुढे बी.ए. आणि वकील झाले. नाशिकला १९८९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. या विद्यापीठाची आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची केंद्रे राज्यातल्या काही मध्यवर्ती कारागृहांत चालतात. तेथून कैदी पदवीधर होतात. परीक्षा पास होणाऱ्यास नियमाप्रमाणे शिक्षेत सूटही मिळते.

सोय आहे, मग आपले काय काम? असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे, की नुसते बेणे टाकून ऊस येत नाही, तसे नुसता फॉर्म भरून डिग्री मिळत नाही. सातवीतून शाळा सुटलेल्या माणसाला पुस्तक समजावून सांगणारा लागतो. संदर्भाची पुस्तके, शब्दकोश, वह्या लागतात. आणि मुख्य म्हणजे, आपण शिकतो आहोत याची बाहेर कोणाला तरी कदर आहे, असे वाटावे लागते. हे सरकारी हुकमाने होत नाही, ते गावानेच करायचे असते.

यावर बांधावर जे उत्तर मिळते ते आम्हांला ठाऊक आहे. "सायेब, आमच्या पोराची फी भरताना जीव जातुया, आन तुमी कैद्यास्नी बी.ए. करा म्हणताय व्हय?" प्रश्न रास्त आहे. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराचे दुःखही कोणाच्या डिग्रीने भरून येत नाही. पण शिक्षा कोर्टाने दिली आहे, ती भोगायचीच आहे. त्यातले बहुतेक कधी ना कधी सुटून आपल्याच गावात येणार आहेत. तो रिकाम्या हाताने आणि कडवट मनाने यावा, की चार अक्षरे शिकून यावा, एवढाच सवाल आहे. आपल्या पोराचा घास काढून त्याला द्या, असे आम्ही म्हणत नाही.

लागणीला मेहनत आणि खोडवा वाऱ्यावर, ही आपल्याकडची जुनी खोड. पण बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट न जाळता सरीत ठेवले, नांग्या भरल्या, वेळेवर खत दिले, तर खोडव्याचे टनेज लागणीच्या जवळ जाते. एकदा तुटलेल्या उसाचे हे होते, तर माणसाचे का होऊ नये?

लोकांना कैद्यांचे भय वाटते, ते पूर्वीही वाटत असेल. तरी आपल्या आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ साली स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत काढलीच. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले इंजिनियर मॉरिस फ्रिडमन यांनी तो धाडसी प्रयोग केला. कैद्यांनी तेथे उघड्यावर राहून शेती केली. शांतारामबापूंचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच निघाला.

आमच्या सूचना तीनच आहेत. पहिली, २४ जुलैला कुपवाडात सभा घ्यावी आणि हारतुऱ्यांऐवजी प्रत्येकाने एक पुस्तक आणावे. मुलांची बी.ए., बी.कॉम.ची जुनी पुस्तके माळ्यावर पडून असतात, तीही चालतील. जवळचे मध्यवर्ती कारागृह कोल्हापूरचे कळंबा. तेथल्या आणि सांगलीच्या अधीक्षकांची परवानगी घेऊन ती पोचती करावीत. दुसरी, गणेश मंडळांनी वर्गणीतला थोडा भाग वह्या-पेनांसाठी ठेवावा, आणि कॉलेजातल्या एखाद्या गुरुजींना तुरुंगात व्याख्यानाला नेण्याची खटपट करावी. तिसरी सर्वांत अवघड. कोणी डिग्री घेऊन सुटून आला, तर त्याची मर्जी असल्यास गुणवंतांच्या सत्कारात त्यालाही नारळ द्यावा. कुपवाडच्या एम.आय.डी.सी.तल्या कारखानदारांनी त्याला दारातून परत पाठवू नये. डिग्री हातात आणि काम कोठेच नाही, अशी गत झाली तर तुरुंगातले सारे शिकणे वाया जाईल.

पहिली सूचना यंदापासून अमलात आणता येईल. सभासदांनी गट ऑफिसात आपली नावे द्यावीत, ही विनंती.