विश्लेषण : दौंड स्थानकाचे घड्याळ गावाच्या पुढे का असे? दोन वेळांच्या सीमेचा धडा काय?

ईशान्य भारतासाठी स्वतंत्र प्रमाणवेळ असावी, ही मागणी अधूनमधून पुढे येते. दुसरीकडे, सर्व शासकीय आणि व्यापारी व्यवहारांत भारतीय प्रमाणवेळच वापरली जावी, यासाठी केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. या चर्चेत ‘दोन वेळांची सीमा’ ही आपल्याकडे कधी नव्हतीच, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात पुणे जिल्ह्यातील दौंडसारख्या रेल्वेगावांत ही सीमा तीन दशकांहून अधिक काळ होती, आणि ती फलाटाच्या दारातच होती.

दौंडला दोन वेळा कशा आल्या?

मुंबईहून निघालेली ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ रेल्वे १८५८ मध्ये पुण्याला आणि त्याच वर्षअखेर दौंडवरून पुढे डिकसळपर्यंत पोहोचली. १८७१ मध्ये हा मार्ग रायचूर येथे मद्रासकडून आलेल्या मार्गाला जोडला गेला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. तोवर प्रत्येक गावाची वेळ त्या गावाच्या सूर्याप्रमाणे चाले. सूर्य डोक्यावर आला की दुपारचे बारा. बैलगाडीच्या प्रवासात त्याने काही अडत नव्हते. मात्र एकाच रुळावरून धावणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक गावागणिक वेगळ्या वेळेवर बेतता येत नाही. म्हणून १८७०च्या सुमारास देशभरातील रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. मद्रासला वेधशाळा होती, तेथून तारेने वेळ कळवता येई, आणि ते शहर रेखांशाच्या दृष्टीने मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मध्यावर होते.

फरक नेमका किती होता?

पृथ्वी एक रेखांश फिरायला चार मिनिटे घेते. दौंड सुमारे ७४.६ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर मद्रास सुमारे ८०.२५ अंशांवर. म्हणजे दौंडचा सूर्य मद्रासच्या सुमारे २३ मिनिटे मागे. जुन्या मोजणीत एक घटका म्हणजे २४ मिनिटे. थोडक्यात, दौंड गाव आणि दौंड स्थानक यांच्यात जवळपास एका घटकेचे अंतर होते. मुंबईची वेळ आणखी वेगळी, म्हणजे दौंडच्या सूर्यवेळेपेक्षा सुमारे सात मिनिटे मागे होती. मुंबईच्या व्यापाऱ्याच्या घड्याळात बारा वाजले असतील, तेव्हा दौंडच्या सूर्याप्रमाणे १२ वाजून ७ मिनिटे झालेली असत आणि फलाटावरच्या घड्याळात साडेबारा.

शिरूरहून येणाऱ्यासाठी याचा अर्थ काय होता?

शिरूर तालुक्यात आजही लोहमार्ग नाही. गाडी पकडायची तर दौंड, केडगाव, पुणे किंवा अहिल्यानगर गाठावे लागते. शिरूर आणि दौंड यांच्या सूर्यवेळेत एक मिनिटाचाही फरक नाही. त्यामुळे भीमा ओलांडून दौंडच्या पेठेत येईपर्यंत प्रवाशाच्या वेळेच्या अंदाजाला धक्का बसण्याचे कारण नव्हते. धक्का बसायचा तो स्थानकाची पायरी चढल्यावर. सूर्य पाहून ‘अजून वीस मिनिटे आहेत’ असे म्हणणाऱ्याची गाडी तेव्हा निघून गेलेली असणार. वेळेची सीमा दोन गावांच्या मध्ये नव्हती, दोन व्यवस्थांच्या मध्ये होती, आणि ती ओळखून चालण्याची जबाबदारी रेल्वेवर नव्हे, तर प्रवाशावर होती.

हे भारतापुरते नव्हते. रशियात अकरा कालविभाग असूनही रेल्वे स्थानके आणि तिकिटांवर मॉस्कोचीच वेळ असे. ती पद्धत १ ऑगस्ट २०१८ रोजी बंद झाली. तोवर व्लादिवोस्तोकच्या प्रवाशाला सात तासांचा हिशेब डोक्यात ठेवावा लागे.

एक देश, एक वेळ केव्हा झाली?

मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारित, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी अधिकृत झाली. रेल्वेने ती १९०५ मध्येच स्वीकारली होती. मद्रासवेळेपेक्षा ती जेमतेम नऊ मिनिटे पुढे असल्याने रेल्वेला फारसे अवघड गेले नाही. मुंबईसाठी मात्र हा बदल ३९ मिनिटांचा होता. त्याआधी १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी शहरावर मद्रासवेळ लादण्याचा प्रयत्न केला होता आणि विरोधामुळे तो मागे घ्यावा लागला होता. १९०६ मध्ये गिरणी कामगारांनी विरोध केला, कारण घड्याळ पुढे गेले आणि भोंग्याची वेळ तीच राहिली, तर अंधारात ३९ मिनिटे आधी घर सोडावे लागणार होते ते त्यांनाच. महापालिकेनेही मुंबईवेळ सोडली नाही. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे मुंबईत दोन वेळा नांदत होत्या. कोलकात्यात जुनी वेळ १९४८ पर्यंत चालली.

दौंडच्या दृष्टीने प्रमाणवेळेने एक गोष्ट मोठी केली. गाव आणि फलाट यांच्यातली सीमा हळूहळू पुसली गेली. सूर्याशी असलेले अंतर मात्र वाढले. आज दौंडचा सूर्य घड्याळाच्या सरासरी ३२ मिनिटे मागे आहे. मोकळ्या मैदानात काठी उभी करून कोणालाही हे पाहता येईल. सर्वांत आखूड सावली नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या आसपास पडते, तर फेब्रुवारीच्या मध्यास जवळपास पाऊण वाजता. ठीक बाराला ती वर्षातल्या एकाही दिवशी पडत नाही.

आज दोन वेळा केल्या तर सीमा कुठे येईल?

राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात ही रेषा ८९ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांशावर, आसाम आणि पश्चिम बंगाल यांच्या चिंचोळ्या सीमेवर सुचवली आहे. तिच्या पूर्वेला घड्याळ एक तास पुढे असेल. गाड्यांच्या वेळेचा बदल न्यू कूचबिहार आणि अलीपूरद्वार या दोनच स्थानकांवर हाताळता येईल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. यातून वर्षाला सुमारे दोन कोटी युनिट वीज वाचेल, असा अंदाज त्यांनी दिला.

मागणीमागचे कारण खरे आहे. जूनमध्ये गुवाहाटीत पहाटे साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि कचेऱ्या दहाला उघडतात. पण दोन कोटी युनिट ही देशाच्या एकूण वापराच्या तुलनेत नगण्य बचत आहे. शिवाय दौंडची सीमा पार करणारे मोजके रेल्वेप्रवासी होते. नवी सीमा शाळा, बाजार, दवाखाना आणि नोकरीसाठी रोज पार करावी लागेल. आधीच नेपाळ सीमेवरच्या गावांत पंधरा मिनिटांचा फरक सांभाळावा लागतो. येथे तो तासाचा असेल. सामरिक कारणे देऊन केंद्राने हा प्रस्ताव २०१९ मध्ये नाकारला. सामरिक कारणे बाजूला ठेवली, तरी सीमेलगतच्या माणसाच्या रोजच्या हिशेबाचे उत्तर प्रस्तावात पुरेसे मिळत नाही.

मग उपाय काय?

घड्याळ एकच ठेवून कामाचे तास बदलणे. आसामच्या चहामळ्यांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. तिथली ‘बागान’ वेळ प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असते आणि त्यासाठी रेल्वेचे वेळापत्रक बदलावे लागलेले नाही. महाराष्ट्रातही याचे उदाहरण आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. जानेवारीत या भागात सूर्य सातनंतर उगवतो. सात वाजताची शाळा म्हणजे मुलांनी अंधारात घर सोडणे, हे त्यातून मान्य झाले.

पण ही सोय कोणाला मिळते आणि कोणाला नाही, हाच खरा प्रश्न आहे. शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे आणि शेतीपंपाची वीज पाळीपाळीने, अनेकदा रात्री मिळते. तेथे ‘दिवसा वीज द्या’ ही मागणी म्हणजे तास ठरवण्याचा अधिकार मागणेच होय. विजेचे वेळापत्रक ग्रीडच्या सोयीने लागते आणि रात्री दारे धरायला बांधावर शेतकऱ्याला जावे लागते. दौंडच्या फलाटावर जे २३ मिनिटांचे होते, ते येथे जिवाचे आहे.

म्हणून ईशान्येच्या मागणीला ‘एक देश, एक वेळ’ एवढेच उत्तर पुरणार नाही. वेळ एकच राहावी, हे योग्य आहे. पण त्या वेळेनुसार शाळा, कचेरी, पाळी आणि वीजपुरवठा यांचे तास ठरवण्याचा अधिकार राज्यांना आणि जिल्ह्यांना असावा, आणि तो त्यांनी वापरावा. घड्याळ दिल्लीत लागले तरी चालेल. गुवाहाटीतली कचेरी कधी उघडायची आणि शिरूरच्या शेतातला पंप कधी चालू व्हायचा, हे तिथला सूर्य पाहून ठरले पाहिजे.