मेलेल्या कोंबडीचे काय?

परवा पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, तुमच्याकडची माणसं रोग लपवतात, म्हणून तो पसरतो." मला राग आला. निम्मे खरे होते, म्हणून जास्तच आला.

भारतात कोंबड्यांतला बर्ड फ्लू पहिल्यांदा जाहीर झाला तो आमच्याच जिल्ह्यात, नवापूरला, १८ फेब्रुवारी २००६ रोजी. त्याआधीच कोंबड्या मरत होत्या, आणि लोक म्हणत होते मानमोडी आहे. नुसत्या डोळ्यांना दोन्ही रोग सारखेच. खरे निदान भोपाळच्या प्रयोगशाळेत. मग लाखो पक्षी मारून पुरले. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा तेच नवापूर आणि पुन्हा तेच खड्डे.

आता भरपाईचा नियम पाहा. सरकारने मारलेल्या कोंबडीचे पैसे मिळतात, रोगाने आधीच मेली तिचे नाहीत. म्हणजे लोक लवकर कळवतील म्हणे! कागदावर पटते. पण खापरजवळच्या पाड्यावर दहा गावठी कोंबड्या पाळणाऱ्या बाईचा हिशेब करा. चार मेल्या. कळवले तर उरलेल्या सहा जाणार, आसपासच्या सगळ्या घरांच्याही जाणार, आणि वर्षभर शेजारणींच्या शिव्या खायच्या. न कळवता सहा बाजारात नेल्या तर संध्याकाळी रोख पैसे. तिला अडाणी म्हणू नका, तिचे गणित आमच्या बी.ए. वाल्यांपेक्षा पक्के आहे. विषाणू मात्र त्याच पाटीतून बाजारात पोहोचतो. विष्ठेतून, पिंजऱ्यांतून, अंड्यांच्या ट्रेंतून, गाडीच्या चाकांना लागून, आपल्या चपलांनाही. आपण दोष देतो परदेशी पाखरांना.

माझे म्हणणे एवढेच, की कळवले त्या दिवशी दारात जी मेलेली दिसतील, त्यांचेही पैसे द्या, आणि महिन्याभराच्या आत द्या. लोक खोटी मढी दाखवतील? अहो, नमुना घ्यायला माणूस येतोच ना, त्यालाच मोजू द्या. लाखो पक्षी पुरण्यापेक्षा चार कोंबड्यांचा खर्च नक्कीच कमी.

भाच्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, गेल्या पावसाळ्यात तुमच्या तीन मेल्या, तेव्हा तुम्ही कळवलंत?"

नाही. परसात कडुनिंबाखाली खड्डा खणला. उरलेल्या दोन होत्या, त्या तुझ्या मामीला द्यायच्या नव्हत्या.