‘हात लावू नये’

आपल्या ग्रंथालयाला लागून जो संगणक कक्ष आहे, त्यात आठ संगणक आहेत. गेल्या वर्षी मी प्रथम वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा त्यांपैकी दोहोंच्या पडद्यावर कागद डकवलेला होता : ‘बंद आहे. हात लावू नये.’ तिसरा कागद माझ्यामुळे लागला, असे मी कित्येक महिने समजत होते. त्या तिसऱ्या कागदाविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. सगळे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी सकाळच्या एस.टी.ने आले होते. दोनच आठवड्यांपूर्वी, नॅकची समिती येणार म्हणून, कक्षाला रंग दिला गेला होता; त्याचा वास अजून दरवळत होता. माझा नंबर आला. मी बटण दाबले. आतला पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, पडद्यावर इंग्रजीतले दोन शब्द उमटले, ‘नो सिग्नल’, आणि दुसऱ्याच क्षणी सगळा पडदा काळा! मागे रांग उभी होती. कुणीतरी म्हणाले, “काय केलंस गं?”

मी काहीच केले नव्हते. पण ‘मी काही केले नाही’ हे म्हणायलासुद्धा धैर्य लागते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. अशा घरातून आलेल्या मुलीला यंत्र बिघडले की पहिली शंका स्वतःचीच येते. मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. बाजारातल्या एका दुकानात पैसे मोजून संध्याकाळी माझा अर्ज भरला गेला. माझ्या मागे उभ्या असलेल्या मैत्रिणीजवळ तेवढे पैसे नव्हते. उरलेल्या पाच संगणकांपुढची रांग संपायच्या आत पाच वाजले, कक्षाला कुलूप लागले. त्या वर्षी तिचा अर्ज राहिला तो राहिलाच. दुसऱ्या दिवशी माझ्या संगणकावर तिसरा कागद आला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेले. एका रात्री विहिरीवरची मोटार चालू होती, आवाज नेहमीसारखा होता. पण पाटात पाण्याचा थेंब नव्हता. आमचे आबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी आधी मोटार बंद केली. मला म्हणाले, “लगेच मोटारीला शिव्या देऊ नये. लाईट हाय, फ्यूज हाय, मोटार फिरतीय. मंग मोटारीचा दोष न्हाई. पाणी कुठं तुटतंय ते बघायचं.” त्यांनी बॅटरीच्या उजेडात पाईप वर ओढला. फूटव्हॉल्व्हमध्ये काडीकचरा अडकला होता. झडप नीट बसत नव्हती, म्हणून पाईपातले पाणी उलट विहिरीत उतरत होते आणि मोटार नुसती कोरडी फिरत होती. आबांनी कचरा काढला, पाईप पाण्याने भरून घेतला, मोटार चालू केली. पाणी आले.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला तो काळा पडदा आठवला. पंखा फिरत होता, दिवा लागला होता, पण चित्र येत नव्हते. म्हणजे मोटार फिरत होती आणि पाणी येत नव्हते! मग चित्र कुठे तुटत होते, हे आमच्यापैकी कुणी पाहिले होते का? आम्ही तर फक्त कागद डकवला होता.

जुलैत परत आल्यावर मी संगणक कक्षातील काकांना भीत भीत विचारले. ते म्हणाले, “पोरी, मोडलं तर माझ्या नावावर येईल. हे डेडस्टॉकला लागलेलं आहे.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी तर्कशास्त्राच्या सरांनी शब्द टाकला आणि एका शनिवारी दुपारी, काकांच्या देखत, आम्ही चौघीजणी त्या तीन संगणकांपुढे बसलो.

वाचकहो, जे आम्ही त्या दुपारी शिकलो ते अवघड मुळीच नाही. पडदा, म्हणजे मॉनिटर, आणि आपण सगळेच जिला ‘सीपीयू’ म्हणतो ती पेटी, ही दोन वेगळी यंत्रे आहेत. दोहोंना वीज वेगवेगळ्या वायरींनी मिळते. मॉनिटरचा दिवाच लागत नसेल, तर त्याचा प्लग आणि वायर पाहावी. ‘नो सिग्नल’ ही अक्षरे मॉनिटर स्वतःच लिहितो. ती दिसली की मॉनिटर जिवंत आहे हे सिद्धच झाले. त्याचे म्हणणे एवढेच असते की, मी जागा आहे, पण मला पलीकडून काही मिळत नाही. मग पाहायची ती मधली केबल. निळ्या तोंडाची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली ती व्हीजीए. ही पद्धत १९८७ साली आयबीएमच्या संगणकांबरोबर आली. तिच्यात तीन ओळींत पंधरा पिनांची रचना असते. स्क्रू सैल राहिले की ती ओघळते, तिरपी घुसवली की पिन वाकते. चपट्या तोंडाची एचडीएमआय २००२ सालची. तिला स्क्रू नसतात, त्यामुळे टेबल सरकले तरी ती निसटू शकते.

‘माझ्या’ संगणकाची केबल दोन्ही बाजूंनी घट्ट होती. पण पेटीच्या मागे तसलीच केबल बसेल अशा दोन जागा होत्या! एक वरच्या बाजूला, माऊस आणि कीबोर्डच्या शेजारी; ती मदरबोर्डची. दुसरी खाली, आडवी. ती वेगळ्या बसवलेल्या ग्राफिक्स कार्डाची. असे कार्ड असले की चित्र बहुधा त्याच्याच जागेतून बाहेर पडते आणि वरची जागा मुकी राहते. केबल वर लावलेली होती. संगणक बंद करून आम्ही ती खाली लावली, बटण दाबले, आणि पडदा उजळला. संगणक बिघडलेलाच नव्हता. रंगकामाच्या वेळी केबली काढल्या गेल्या आणि परत लावताना एक चुकीच्या जागी गेली, एवढेच घडले होते. काका काही बोलले नाहीत. त्यांनी पुढे होऊन तो कागद स्वतःच्या हाताने फाडला.

दुसऱ्या संगणकाच्या मॉनिटरला व्हीजीए आणि एचडीएमआय अशा दोन्ही जागा होत्या. केबल व्हीजीएची होती आणि मॉनिटर एचडीएमआयची वाट पाहत बसला होता. मॉनिटरच्या कडेचे बटण दाबून योग्य नाव निवडताच तोही चालू झाला. त्या बटणाला मधल्या काळात कुणी हात लावला नव्हता, कारण तसा कागदच होता!

तिसऱ्याला मात्र आम्ही हरलो. शेजारच्या चालू संगणकाची केबल लावून पाहिली, मग मॉनिटरही बदलून पाहिला. कीबोर्डवरचे ‘नम लॉक’ दाबले तर त्याचा दिवा लागेना, विझेना. म्हणजे पेटीतला पंखा फिरत असला तरी आतला संगणक जागाच होत नव्हता. वीज काढून, पेटीच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवून, काकांनी रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवली. उपयोग झाला नाही. पुढे मेकॅनिक आले आणि मदरबोर्ड गेल्याचे त्यांनी सांगितले. पण काय काय तपासून झाले आहे ते आम्ही त्यांना ओळीने सांगू शकलो, याचा मला आजही अभिमान वाटतो.

कुणी म्हणेल, कला शाखेच्या मुलींनी ही उठाठेव कशाला करावी? जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती सांगितल्या; आपण अन्वय आणि व्यतिरेक म्हणून त्या परीक्षेसाठी पाठ करतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, केबल बदलताना आम्ही याहून निराळे काय केले? पाणी कुठे तुटते ते शोधताना आबांनी निराळे काय केले? जी विद्या आमच्या शेतात आहे आणि आमच्या पुस्तकातही आहे, ती संगणक कक्षाच्या दारातच का अडावी?

दुसरा आक्षेप खरा आहे. सगळ्यांनाच मोकळीक दिली तर नुकसान होईल आणि त्याची झळ काकांसारख्या कर्मचाऱ्याला बसेल. म्हणून मर्यादा हव्यातच. पेटीचे झाकण विद्यार्थ्यांनी काकांशिवाय उघडू नये. आतला वीजपुरवठ्याचा डबा तर कुणीच उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. परंतु प्लग, केबल, बटण आणि मॉनिटरची निवड या चार गोष्टी बाहेरच्या आहेत. त्या पाहण्याने कोणाचे काय बिघडणार?

माझ्या सूचना थोड्या आहेत. प्रथम वर्षाच्या प्रत्येक तुकडीला वर्षाच्या आरंभी एक तास त्या कक्षात न्यावे. केबल मुद्दाम काढून ठेवावी आणि पडदा का काळा आहे ते मुलामुलींनाच शोधू द्यावे. कक्षात दोन जादा केबली ठेवाव्यात. परवानगीने केलेल्या तपासणीत काही बिघडले, तर त्याचा बोजा एकट्या काकांवर पडणार नाही, असे महाविद्यालयाने लेखी द्यावे. आणि ‘बंद आहे’ असा कागद डकवायचाच असेल, तर त्यावर तीन गोष्टी लिहिल्याशिवाय तो डकवू नये : कोणत्या तारखेला बंद पडला, पडद्यावर काय दिसले आणि काय काय तपासून पाहिले.

तिसऱ्या संगणकावर सध्या असाच एक कागद आहे. तो मी लिहिला आहे. शेवटची ओळ आहे, ‘मदरबोर्ड बदलणे आवश्यक.’ खाली तारीख आहे, चौघींची नावे आहेत. त्या चार नावांत एक नाव माझ्या त्या मैत्रिणीचे आहे. या वर्षीचा अर्ज तिने शेवटच्या दिवसाची वाट न पाहता, ‘माझ्या’ संगणकावर बसून भरला.

(एस. वाय. बी. ए.)