बेटाला कुलूप

किनाऱ्यावरच्या बांधकामाची नवी तक्रार पेपरात आली, की आमच्या कचेरीत चहाच्या वेळी बोराकायचा विषय हमखास निघतो. फिलिपाईन्सचं हे बेट तिथल्या सरकारने 2018 साली सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवलं होतं. "गोव्यालाही तसंच कुलूप ठोकायला हवं, सगळे सरळ होतील," असं कोणीतरी म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात. मला मात्र या कौतुकात सामील होता येत नाही.

बेट केवढं? सुमारे दहा चौरस किलोमीटर. त्यावर 2017 साली वीस लाखांच्या आसपास पर्यटक आले. सांडपाणी समुद्रात, पाणथळ जागांवर बांधकामं, वाळूला खेटून हॉटेलं. फेब्रुवारी 2018 मध्ये अध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांनी बेटाला जाहीरपणे मैलाकुंडी म्हटलं आणि 26 एप्रिलपासून दार बंद झालं.

पण त्याआधी तिथे नियम नव्हते का? होते की! 1978 सालीच बेट पर्यटन क्षेत्र आणि सागरी राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं होतं. बेट ज्या मलाय नगरपालिकेत येतं, तिने 2000 साली किनाऱ्यालगतची पट्टी बांधकामाला बंद केली. आता पुढची गंमत पाहा. एका हॉटेलवाल्याला 2010 साली नगरपालिकेने याच नियमावर बोट ठेवून परवानगी नाकारली. त्याच्याकडे मात्र पर्यावरण खात्याशी झालेला वनजमिनीचा करार होता, पर्यटनासाठी! त्या जोरावर त्याने बांधकाम चालूच ठेवलं. महापौरांनी 2011 साली ते पाडण्याचा आदेश काढला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2014 साली निकाल महापौरांच्या बाजूने लागला. एका सरकारचे दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध, आणि त्यांतलं खरं कोणतं हे ठरेपर्यंत चार वर्षं!

परिसंवादांतून 'एकात्मिक किनारा व्यवस्थापन' हा भारदस्त शब्द ऐकला की मला हे प्रकरण आठवतं. कारकुनाच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की एका खात्याने सही करण्यापूर्वी दुसऱ्या खात्याची फाईल उघडून पाहायची. ते वर्षानुवर्षं झालं नाही, म्हणून शेवटी कुलूप लागलं. आणि कुलपाची किंमत कोणी मोजली? हॉटेलातले वाढपी, आचारी, सामान वाहणारे, होडीवाले. हजारोंचा रोजगार गेला. ज्यांनी चुकीच्या कागदांवर सह्या केल्या, त्यांचा पगार त्या सहा महिन्यांत थांबला असेल असं मला वाटत नाही.

कुलपाने काहीच साधलं नाही, असं मी म्हणणार नाही. गटारांचं काम झालं, किनाऱ्यावरची अतिक्रमणं हटली. बेटावर एका वेळी 19,215 पर्यटकच असावेत असा आकडा ठरवून 26 ऑक्टोबरला बेट पुन्हा उघडलं. पण 2022 च्या ईस्टरच्या आठवड्यात तोही आकडा ओलांडला गेला. तिथे येणाऱ्या होड्या मोजणारा कोणी तरी माझ्यासारखाच कारकून असणार.

हे सारं मी दुरून बोलत नाही. पूर्वीच्या एका कचेरीत असताना एक रांपणकार घराचं छप्पर दुरुस्त करण्याचा अर्ज घेऊन यायचा. घर भरतीरेषेपासून दोनशे मीटरांच्या आतलं. जुन्या घराच्या दुरुस्तीला नियमांत वाट होती, पण घर जुनं असल्याचा कागद दुसऱ्या खात्याकडे होता. तो मागवून घेण्याऐवजी मी फाईलवर 'संबंधित खात्याकडे वर्ग' असं लिहून मोकळा झालो. दोन पावसाळे त्याने प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली काढले. त्याच वाड्यावर, त्याच रेषेच्या आत, त्या काळात दोन मजली गेस्ट हाऊस उभं राहिलं. त्याची फाईल माझ्या टेबलावर आलीच नाही, आणि ती कुठे आहे हे मीही कोणाला विचारलं नाही.